चिमणीचा ‘म’

मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बालवर्गात बारीक वस्तू आणायच्या नाहीत.” पण नव्या बाईंना हौस दांडगी! ‘म’ शिकवायचा म्हणून त्यांनी घरून लाल मणी आणले. शब्दात ‘म’ ऐकू आला की वाटीत एक मणी टाकायचा. मुलं खूश, बाई त्याहून खूश. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धडा तसा रंगला होता.

“ओठ मिटा. म्‌ऽऽ करा. आता नाक धरा. काय झालं?”

“बंद पडला!”

“पडणारच. लबाड नाकातून पळतो. दार लावलं की आत अडकतो.”

सगळे हसले. चिमणी हसली नाही. चिमणी म्हणजे खिडकीजवळची, वर्गातली सगळ्यात लहान पोर. तिच्या तोंडी ‘म’चा ‘ब’ व्हायचा. रोज न्यायला येणाऱ्या मावशीला ती ‘बावशी’ म्हणायची आणि घरची भावंडं त्यावरून तिला सळो की पळो करून सोडायची. आज बाईंच्या नाकावर बोट ठेवून तिला पहिल्यांदा खरा ‘म’ जमला होता. तेव्हापासून ती गप्प होती.

बाई फळ्याकडून वळल्या, तेव्हा चिमणीच्या चिमटीतला मणी नाकपुडीशी पोचला होता. बाईंनी झडप घालून हात धरला. मग दुसरी नाकपुडी दिसली. आत लाल काहीतरी चमकत होतं.

पोरीनं श्वास ओढला की मणी वर, तिथून घशात, आणि पुढचं मनात आणवेना. बोटानं काढायला जावं तर गुळगुळीत मणी आणखी आत सरकणार. मोठ्या बाई शेजारच्याच खोलीत होत्या. हाक मारली की येतील, आणि मणी बघतील. बाईंनी हाक मारली नाही. पोरीच्या जिवाशी गाठ होती आणि बाईंना नोकरी आठवत होती! भीती माणसाला अशी हलकट करते.

“चिमणे, नाकानं श्वास नाही घ्यायचा. तोंड उघड. आऽ. शहाणी माझी ती.” “का गं घातलास?”

“पळून जाईल ना तो. घरी न्यायचाय. दोन्ही दारं लावत होते.”

म्हणजे आपल्याच विनोदाचं हे फळ. बाईंनी मोकळी नाकपुडी दाबली. “आता तोंड मीट आणि मोठ्ठा म कर. जोरात बाहेर सोड.”

चिमणीनं मानेनंच ‘नाही’ म्हटलं. तिचे ओठ वाकडे झाले. आता रडणार. हुंदका म्हणजे श्वास आत!

“अगं, माझ्याकडे ढीगभर ‘म’ आहेत! हा गेला तर दुसरा देते, शप्पथ.” त्यांनी तिचं बोट आपल्या नाकावर ठेवलं आणि गुणगुणायला लागल्या. बाई नखशिखांत थरथरत होत्या. चिमणीला वाटलं, हा फारच मोठा म आहे.

“म्‌ऽऽऽ!”

मणी शेंबडासकट बाईंच्या मांडीवर येऊन पडला.

जीव भांड्यात पडायचा, तर चिमणीनं ओठ घट्ट मिटून घेतले. शाळा सुटेपर्यंत एक शब्द नाही. आणखी एखादा मणी आत राहिला असेल का? बाईंनी तिचं नाक उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. काही दिसलं नाही.

मावशी दारात आली. “काय चिमणाबाई, आज काय शिकलात?”

चिमणीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती होकाराची मान डोलावली. पोरीनं डोळे गच्च मिटले.

“मावशी!”

आणि लगेच दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं. मावशीनं हसत हसत तिला उचलूनच घेतलं.

बाई हसल्या नाहीत. मणी त्यांच्या मुठीत होता, कुणाला काही कळलं नव्हतं. पण ते दाबलेलं नाक त्यांना दिसत होतं. हात किती वेळ पुरणार? घरी बटण सापडेल, खडा सापडेल.

“थांबा जरा,” त्या मावशीला म्हणाल्या आणि मूठ उघडली. “मोठ्या बाईंना बोलावते. तुम्हा दोघींनाही सांगायचंय.”