राजाशिवायची राणी

मी एक जुनी लाकडी बाहुली आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे हं, राणी! आमच्या बंगळुरात लग्नात मुलीला माहेरून राजा-राणीची जोडी देतात आणि दसऱ्याला घरात पायऱ्या मांडून सगळ्यांत वर ही जोडीच उभी करतात. एका म्हाताऱ्या सुताराने एकाच रक्तचंदनाच्या ओंडक्यातून आम्हा दोघांना कोरलं. पद्मावतीच्या लग्नात, १९५२ साली, आम्ही राजाजीनगरच्या नव्या घरात आलो.

पद्मावती आमचे फार लाड करी. दर नवरात्रात मला जरीचं लुगडं नेसवी, राजाला फेटा बांधी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आमच्यावरून नजर हटवत नसत. मीही तोऱ्यात असे, खोटं कशाला बोलू?

तिचा नवरा त्रिविक्रम गिरणीत कारकून होता. शाळेत कानडी, रस्त्यावर कानडी. पोरगी मराठी विसरायला नको म्हणून संध्याकाळी तो अनुसूयेला शब्द शिकवी. एकदा 'अविभाज्य' आला. नुसत्या अर्थाने भागेना, तेव्हा त्याने आम्हालाच पुढ्यात ठेवलं. ज्यांना एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही, ते अविभाज्य. मग त्याने वाक्यात उपयोग करायला सांगितला. पोरीने लगेच ठोकून दिलं, "आई आणि अण्णा अविभाज्य आहेत." पद्मावती लाजून आत गेली. त्रिविक्रमची आई, सकवारबाई, पदरात तोंड लपवून हसली.

१९६१ च्या श्रावणात होसकोट्याच्या रस्त्यावर एका लॉरीने त्रिविक्रमची सायकल चिरडली. घरावर आभाळ कोसळलं. वर्षभर सण नव्हता, आम्ही पेटीतच होतो.

पुढच्या दसऱ्याला अनुसूयेने हट्ट धरला, तेव्हा पद्मावतीने आम्हाला बाहेर काढलं. मला लुगडं नेसवलं, राजाला फेटा बांधला आणि पायऱ्यांच्या फळ्या आणायला ती परसात गेली. सकवारबाई राजाकडे टक लावून बघत राहिली. आपला मुलगा गेला आणि हा मेला नटून उभा, असं काहीसं पुटपुटत तिने आम्हा दोघांना न्हाणीत नेलं. हंड्याखाली चूल पेटलेली होती. तिने राजाला आत सारलं. माझ्या डोळ्यांदेखत, मित्रांनो! आधी फेटा पेटला, मग तो. मला ओरडताही येईना.

धुराच्या वासाने पद्मावती धावत आली. तोवर मी सासूच्या हातात, चुलीच्या तोंडाशी होते.

"जोडी मोडली. आता हिला ठेवून काय करायचं? अविभाज्य म्हणायचा ना माझा त्रिविक्रम?"

पद्मावतीने अडवलं नाही. बांगड्यांविना रिकामे हात पदराखाली घेऊन ती नुसती उभी राहिली. याच गोष्टीने मला आगीपेक्षा जास्त भाजलं. माझ्या लुगड्याची किनार धुमसू लागली होती.

मागून अनुसूया आली. तिने चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अज्जी, मग आईलाही चुलीत घालणार?"

म्हातारीची बोटं सुटली आणि मी ओल्या फरशीवर पडले. सकवारबाई तिथेच बसली आणि सुनेच्या पायांना मिठी मारून तिने लेकाच्या नावाने हंबरडा फोडला.

त्या वर्षी मला एकटीलाच वर उभी केली. शेजारणींना तो अपशकुन वाटला. काही जणी उंबऱ्यावरूनच परत गेल्या. सकवारबाई पायरीशी बसून राहिली, हलली नाही.

मित्रांनो, जोडीतला एक गेला की उरलेल्याला त्याच्यामागे लोटू नका. जरीचं लुगडं नको, कौतुक नको. त्या उरलेल्याची पायरीवरची जागा तेवढी राहू द्या.