ज्याच्यावर शपथ घातली तो कलश

मी मनकर्णाबाईंच्या देवघरातला तांब्याचा कलश बोलतोय. संगमनेरच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि बाईंच्या रुखवतातून मी या घरी आलो. एरवी फडताळात काळा पडतो. मार्गशीर्ष लागला की चिंच-मीठ लावून मला लख्ख करतात. गुरुवारी माझ्यात पाणी, तोंडाशी आंब्याचा डहाळा, वर नारळ. मग मीच महालक्ष्मी! एवढा मान मिळाल्यावर वाटतंच ना, आपल्या हातून वाईट काय होणार?

बाईंची स्नेहल चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. त्या वर्षी गुरुवारची कहाणी ती मोबाईलवर ऐकायची. तिचे वडील रंगनाथराव म्हणायचे, "देवीला रोमिंग लागतंय का बघा!"

एका रविवारी तिचा अवेळी फोन आला.

"आई, कॉलेजची पोरं मैदानात उभी आहेत. हातात कोरे कागद."

"कोरे? कोऱ्या कागदाला कोण भितंय?"

"सरकार भितंय. इथं एकाच पक्षाचं राज्य, कम्युनिस्टांचं. ना मत विचारतात, ना बोलू देतात. लिहिलं की पकडतात, म्हणून कोरा. मेईलिन चाललीय. मी पण जाऊ?"

मेईलिन तिची तिथली मैत्रीण, हिच्या हातची थालीपीठं मागून खाणारी.

बाईंनी मला उचलून मोबाईलसमोर धरलं. "ह्याच्यावर हात ठेवून शपथ घे. जायचं न्हाई. अन् काही दिसलं तरी कुणापाशी तोंड उघडायचं न्हाई."

"इथून हात कसा ठेवू?"

"काचेवर ठेव. चालतं."

पोरीनं ठेवला. मी ऊन झालो नाही, तडकलो नाही. गप्प राहिलो.

गुरुवारी पूजा मांडली, तेव्हा स्नेहल रडतच फोनवर आली.

"रविवारी रात्रीच मेईलिनला माझ्या खिडकीखालून गाडीत घालून नेलं, आई. मी पाहिलं. आज तिची आई फोटो घेऊन फाटकाशी उभी आहे. 'लेक दिसली का?' म्हणाली. मी नाही म्हटलं. तुझी शपथ होती."

"अन् सांगितल्यावर तुलाही नेलं तर?"

"तर तूही अशीच फोटो घेऊन येशील."

रंगनाथराव चष्मा पुसत राहिले. बाईंचा हात माझ्यावर आला. आतलं पाणी हललं. आता शपथ आणखी घट्ट करतात की काय, या धास्तीनं मी ताठ झालो.

"सुटली," बाई म्हणाल्या. "शपथ सुटली. पळ, ती निघून जायच्या आत सांग तिला."

स्नेहल धावली. गाडी कशी होती, कुठल्या रस्त्यानं गेली, सगळं तिनं सांगितलं.

आज ती इथं दवाखान्यात काम करते. मेईलिन मात्र अजून घरी पोचलेली नाही. तिची आई शोधतेच आहे. रविवार ते गुरुवार, तेवढे दिवस त्या माउलीनं भलत्याच दारांशी घालवले. ते माझ्यामुळे.

बायांनो, लेकरांच्या सुखासाठी मला जरूर पुजा. पण माझ्यावर हात ठेवायला लावून त्यांना मुकं करू नका. मला नाही म्हणता येत हो.