दोन टेकच्या मधे

ठोकेमास्तरांनी उभा जन्म लोकांना नाचवलं. स्वतः मात्र कधी पाऊल उचललं नाही. हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागले तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. ड्रमवाला चुकेल, पण याचा ठोका चुकायचा नाही, म्हणून वादकांनीच त्यांना हे नाव ठेवलं. पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्या काचेच्या खोलीतून अशी गाणी निघाली, की वीस वर्षं नाचघरांच्या फरशांना उसंत म्हणून मिळाली नाही. गाणी मास्तरांची, गळा बायकोचा.

तो गळा ते तांदळासारखा निवडायचे. शब्दाआधीचा श्वास म्हणजे खडा, टाक बाहेर. ओठ सुटल्याचा आवाज, टाक बाहेर. सूर तसूभर ढळला तर उचलून जागेवर बसवायचा आणि त्यावर तिच्याच आवाजाचे चार थर चढवायचे. "श्वास ऐकू आला की नाचणाऱ्याला आपली धाप आठवते," असं ते सांगायचे. लोक माना डोलवायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिची स्वरपेटी काढली. जीव राहिला, आवाज गेला. आता गळ्यात एक पांढरी पाटी असते आणि पाटीला दोरीने बांधलेला पेन.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचं साधं बोलणं आणा. अर्धा तास पुरे. त्यावरून संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल."

"अर्धा तास काय घेऊन बसलात! माझ्याकडे वीस वर्षं आहेत," मास्तर छाती काढून म्हणाले.

बाईंनी सहा गाणी ऐकली. सातव्याला त्यांनी कानावरचे हेडफोन उतरवले. "छान आहेत हो. पण यात बोलणं कुठंय? आणि यात त्या श्वाससुद्धा घेत नाहीत."

फोनमधले व्हिडिओ होते, पण ते अलीकडचे, आवाज घोगरा झाल्यानंतरचे. ते लावताच तिने पाटीवर लिहिलं, 'हा आजाराचा आवाज. मला माझा हवा.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'नातीने मला बोलताना ऐकलंच नाहीये.'

मास्तर तडक बोक्याकडे गेले. बोका म्हणजे त्यांचा जुना रेकॉर्डिस्ट, डोळे मिटून काम करायचा म्हणून बोका. सगळ्या मूळ टेपा त्याच्या घरी, कपाटात.

"आलात का? मला वाटलं, आता माझ्या मयतालाच याल."

"तू कसला मरतोस! ऐक, दोन टेकच्या मधे ती बोलायची ना रे?"

"बोलायची? अहो, थांबायची नाही! एकदा काय म्हणाली, मास्तरांना बायको नको होती, भिंतीवरचं घड्याळ हवं होतं. मी खुर्चीवरून पडलो होतो."

"मला नाही आठवत."

"तुम्ही कुठे ऐकत होता!"

भरदुपारी पडदे ओढून दोघं बसले. टेप फिरली. तिचा तरणा आवाज दोन ओळी गायला आणि थांबला. मग काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मग मास्तरांचा आवाज: "नाही. शेवटचा शब्द पाडू नकोस. टेक आठ." पुन्हा दोन ओळी, पुन्हा ती विहिरीसारखी शांतता. "टेक नऊ."

बोक्याने मशीन थांबवलं. "गेट, मास्तर. तुमचंच."

गेट म्हणजे आवाजाचा दरवान. गाण्यासारखा भरलेला आवाज आला की दार उघडायचं. हळू बोललं, हसलं, उसासा टाकला की बंद. टेप स्वच्छ राहावी म्हणून मास्तरांनीच ते तिच्या माइकवर बसवलं होतं. खोलीत तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं. टेपवर मात्र जायचं नाही. मास्तरांचा माइक उघडा असायचा, टेकचा नंबर नोंदवायला.

अकरा टेपा त्यांनी ऐकल्या. अकराही एकाच माणसाच्या बोलण्याच्या.

घरी येऊन त्यांनी तिला सरळ सांगितलं. "नाही मिळालं गं. मीच ठेवलं नाही."

ती रडली नाही. बोक्याने टेपांची नक्कल करून दिलेला पेनड्राइव्ह त्यांच्या हातात होता. त्याच्याकडे बोट करून तिने खूण केली, लावा.

तरणा आवाज गायला, थांबला. तिने हनुवटी उचलली आणि त्या शांततेत ओठ हलवून काहीतरी म्हणाली. मास्तर बघतच राहिले. "टेक आठ," स्पीकरमधला तरणा मास्तर मधेच बोलला. पुढची शांतता आली आणि ती परत बोलली, या वेळी हसत, मान वेळावत. तिला आठवत होतं. कुठल्या ओळीनंतर काय म्हणाली होती, सगळं.

"सावकाश बोल. मला कळत नाहीये," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या वेळी, टेपवरचा आपला आवाज यायच्या आत, त्यांनी बटण दाबून स्पीकर बंद केला. आता तिला घाई नव्हती. ती बोलत राहिली, हातवारे करत, मधेच डोळे पुसत, गळ्यावर श्वासासाठी पाडलेल्या भोकातून सुस्कारा सोडत. तेवढाच आवाज खोलीत होता आणि मास्तर कानात प्राण आणून तो ऐकत होते.

संपल्यावर तिने भुवया उंचावल्या. कळलं?

त्यांनी मान हलवली. नाही. पाटी तिच्या मांडीवर होती, पण तिने तिला हात लावला नाही. ती जरा पुढे सरकली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून घेतला आणि पहिल्यापासून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द. त्यातला 'मास्तर' एवढा त्यांना कळला.