रोगट ठिपक्यातून बोलतोय

मी बोलतोय, एका जीवाणूचं जनुक. हसू नका. चामड्याच्या कारखान्यामागे जे गरम, साबणी गटार वाहतं, त्यात माझं खानदान पिढ्यान्‌पिढ्या नांदलं. माझ्या हुकमानं तयार होणारं विकर, म्हणजे एन्झाइम, कढत साबणातही प्रथिनांचे तुकडे पाडतं.

धुण्याच्या पावडरीसाठी असंच विकर हवं, म्हणून तीन वर्षांपूर्वी पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं मला कापून काढलं आणि प्रयोगशाळेतल्या पाळीव जीवाणूंमध्ये घातलं. पाळीव कसले, लाडावलेले. जरा विकर बनलं की यांची तब्येत बिघडते. त्यामुळे मी ज्यांच्यात शिरतो त्यांच्या वसाहतीचा ठिपका काचेच्या बशीवर मोहरीएवढाच राहतो. ज्यांच्यात मी नाही, ते मात्र आयतं खाऊन फुगतात.

इथले सर फार मोठे. दारातूनच बशी बघतात आणि सांगतात, मोठा ठिपका उचला. तीन वर्षं ती बशीवर जीवाणू पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठे ठिपके उचलतेय आणि दर वेळी हाती भोपळा. आता महिन्याभरात प्रबंध दिला नाही, तर पदवी गेली.

या खेपेला मध्ये सुट्ट्या आल्या आणि बशी तीन दिवस तशीच राहिली. बशीतल्या खाद्यात दूध असतं, म्हणून ती पांढरी दिसते. मला सवड मिळाली, तसं माझ्याभोवतीचं दूध मी पचवून टाकलं. स्वच्छ गोल कडं पडलं. मुलीनं बशी उजेडाकडे धरली आणि सरांना हाक मारली.

“सर, हा बारका बघता का? याच्या भोवतीचं दूध गेलंय.”

“अगं, तो रोगट आहे. रोगटातून काय निघणार? उगाच फाटे फोडू नकोस.”

“पण सर, कडं...”

“पदवी हवीय ना तुला?”

“हो सर.”

संपला वाद. सरांचं ठीक आहे, हम करे सो कायदा. पण हिला त्या कड्याचा अर्थ पाठ होता. नुसती एक काडी टेकवून मला उचलायचं होतं. मला तिची कीव येत नाही, रागच येतो.

आता आम्ही पिशवीत बांधलेले, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये. भांडी धुणाऱ्या मामांनी विचारलं, “ताई, नक्की टाकायचं?” ती “टाका” म्हणाली आणि झाकण स्वतःच आवळलं.

दाब चढतोय. या वाफेत माझे तुकडे होणार, तेव्हा निरोप घेतो. तुम्हाला कधी असा मरतुकडा ठिपका दिसला, तर दारातून बघू नका, जरा जवळ या.

बाहेर ती प्रबंध लिहायला बसलीय. माझ्या नावापुढे लिहितेय, ‘निष्क्रिय’.