नळाची शेंडी

रस काढून उरलेलं लिंबाचं साल थोरलीनं बेसिनच्या नळाभोवती गच्च धरलं आणि गोल गोल घासायला सुरुवात केली. क्षारांची पांढरी पुटं सुटू लागली. धाकटी जाऊ दारात उभी होती, हातात दुकानातून आणलेला पावडरचा नवाकोरा डबा.

"वहिनी, राहू द्या हो. हे टाकलं की चकाचक होतं म्हणाला दुकानदार."

"आणि वर्षभरात नळाची चकाकीच जाते, ते नाही सांगितलं त्यानं? अगं, साल लगेच टाकायचं नसतं. आधी रस, मग नळ, मग कचरा. लिंबानं आपल्याला तीनदा नमस्कार केल्याशिवाय त्याला सोडायचं नाही."

धाकटी हसली, पण जरा अवघडूनच. थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्या जागेत माणूस अवघडतंच. दिराला नवी नोकरी लागली, कंपनीनं राहायला ही जागाही दिली, नशीब लागतं त्याला! दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीत ऊन. थोरलीनं आल्या आल्या सगळीकडे डोकावून पाहिलं होतं आणि मनात आलेली असूया गिळून कंबर कसली होती. लहान जावेचा हेवा करायचा म्हणजे काय!

सकाळपासून तिचं तोंड आणि हात दोन्ही चालू होते. फ्रिजच्या दारात कागद धरून तिनं तो ओढून दाखवला. कागद अलगद निसटला तर रबर सैल पडलंय, कोमट साबणपाण्यानं पूस, लगेच नवीन घ्यायला धावू नकोस. मध्ये विरलेली चादर उभी फाड, कडा मध्ये घेऊन शिव, आणखी दोन वर्षं जाते. साबणाची झिजून उरलेली चिपटी नव्या वडीला ओली असतानाच चिकटव. टूथपेस्ट संपली म्हणायच्या आधी कात्रीनं ट्यूब उघडून बघ, आठवडाभराची निघते.

हे सगळं ती कुठं शिकली नव्हती. गरजेनं शिकवलं होतं. लग्नानंतर ती आणि नवरा भाड्याच्या एका खोलीत आले, ते अजून तिथंच होते. "थेंबे थेंबे तळे साचे," नवरा म्हणायचा. "आपलं स्वतःचं घर होईल बघ. जरा कळ काढ." तिनं कळ काढली. नव्या साड्यांची, सहलींची, दात दुखला तेव्हा दाताचीसुद्धा. मनातल्या घरात तिला फार काही नको होतं. एक ओटा हवा होता तिच्या उंचीचा, आणि न गळणारा नळ.

कारण भाड्याच्या खोलीतला नळ पहिल्या दिवसापासून गळत होता. घरमालक ढिम्म. टपटप ऐकून नवऱ्याचं डोकं उठायचं, म्हणून एकदा तिनं शिवणाच्या डब्यातला निळा दोरा नळाच्या तोंडाला बांधला आणि त्याचं टोक बादलीत सोडलं. थेंब दोऱ्यावरून गुपचूप घरंगळत खाली गेला. आवाज बंद, पाणीही वाया नाही. नवरा पोट धरून हसला होता.

"हे काय गं?"

"नळाची शेंडी."

तेव्हापासून तो त्यांच्या दोघांतला शब्द झाला. बाहेर कुणाला त्यांनी सांगितला नाही. ऐकणारे म्हणाले असते, बाई काय कंजूष आहे, नळालाही शेंडी लावते.

दाराची बेल वाजली. प्लंबर आला होता, खांद्यावर पिशवी, कानामागे पेन्सिल. धाकटी घाईनं पुढं झाली.

"आज नको. उद्या या."

"उद्या दुसरीकडे काम आहे, ताई. पाच मिनिटांचं तर आहे," म्हणत तो थेट स्वयंपाकघरात शिरला. थोरली साल तसंच एका हातात धरून, दुसरा हात पदराला पुसत मागोमाग गेली. कामाचा माणूस आला की त्याच्यावर नजर ठेवायची, हाही तिचा नियमच होता.

प्लंबरनं ओट्यावरच्या नळाला पाना लावला, पिळला, नाक मुरडलं.

"आटे गेलेत. खरं तर नळच बदलायला हवा. पण मालक म्हणाले, नुसता वॉशर टाक. नाहीच थांबलं, तर शेंडी बांध."

थोरलीचा हात पदरावर थांबला.

"काय बांध?"

"शेंडी हो. नळाला दोरा बांधायचा, म्हणजे आवाज येत नाही." तो हसला. "इतकी वर्षं काम करतोय, पण नळाला शेंडी पहिल्यांदाच ऐकली."

"मालक म्हणजे... कंपनीचे साहेब?"

"कंपनी कसली? घेतलाय त्यांनी हा फ्लॅट. ताबा घ्यायला आले तेव्हा मीच होतो पाइप बघायला. साधा माणूस आहे. चष्म्याच्या दांडीला निळा दोरा गुंडाळलेला."

तो दोरा थोरलीनंच गुंडाळला होता. नवी फ्रेम कशाला, म्हणून.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी पावडरच्या डब्यावरची अक्षरं वाचत होती, जणू उद्या तिची परीक्षा होती.

"वहिनी, दादा म्हणाले, तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून आम्ही..."

"वाटलं," थोरली म्हणाली.

मग ती प्लंबरकडे वळली.

"वॉशर नको. नळ बदला. दुकानात असेल त्यातला चांगला आणा."

"मालकांना विचारून..."

"मालकीण सांगतेय."

लिंबाचं साल अजून तिच्या हातातच होतं. अजून एका नळाला पुरेल इतका ओलावा होता त्यात. तिनं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आपली पिशवी उचलली आणि निघाली.

संध्याकाळी नवरा घरी आला, पाय धुतले, आणि टॉवेल शोधताना थबकला. बादलीत टप, टप आवाज येत होता.

"अगं, शेंडी कुठाय नळाची?"

"कापली."

"का?"

"तुमचा प्लंबर भेटला. मालक फार काटकसरी आहेत म्हणत होता."

नवऱ्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या, तरी पुसत राहिला.

"सांगणार होतो मी तुला."

तिनं टॉवेल काढून त्याच्यापुढं टाकला.

"नव्या नोकरीत पगार तुटपुंजा आहे त्याला. भाड्याच्या खोलीत राहणार नाही, माहेरी जाते, म्हणून त्याची बायको अडून बसली. सख्खा भाऊ आहे माझा. संसार मोडू देऊ त्याचा?"

"नका मोडू देऊ. पण मला विचारायचं तरी. ते घर माझ्याही पोटाला चिमटे काढून झालंय."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते की नाही, ते आता कसं कळणार? तुम्ही तेवढीही संधी दिली नाहीत मला."

तो खाटेवर बसला. समजुतीच्या सुरात, जवळजवळ कौतुकानंच म्हणाला,

"तिला जमत नाही गं असं राहणं. तुझं काय, तू कुठंही भागवून नेतेस."

थोरलीनं मान वर केली. चादरी उलटवून शिवताना, ट्यूबा कापताना, आपण त्या घराच्या दिशेनं चाललोय असं तिला वाटायचं. आणि हा माणूस ते सगळं बघून एवढंच शिकला होता, की हिला घराची गरज नाही.

बादलीत थेंब पडत होते. नवऱ्यानं कपाळ चोळलं.

"आधी ती शेंडी बांध बघू. डोकं उठतंय."

तिनं शिवणाचा डबा उघडला, निळ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"तुम्हीच बांधा. लोकांना शेंडी लावता येते, तर नळाला का येऊ नये?"

तो उठला. वाकून नळाभोवती दोरा गुंडाळू लागला. ओल्या बोटांतून दोरा सटकत होता, गाठ बसत नव्हती. त्यानं दोनदा मागं वळून तिच्याकडे पाहिलं. एरवी तोवर ती उठलीच असती. आज ती बसून राहिली आणि थेंब ऐकत राहिली.