पार्वतीबाईंची साक्ष

मानवतच्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात पास्टर बन्सीधर चांगलं बोलायचे, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. पण गर्दी जमायची ती पार्वतीबाईंची साक्ष ऐकायला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या पार्वतीबाई उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि सांगायच्या, "पास्टरांनी डोक्यावर हात ठिवला आन् माझी शुगर गेली. गोळ्या चुलीत घातल्या म्या!" टाळ्यांनी पत्रे दणाणायचे.

शुगर खरंच गेली का, हे कुणी तपासलं होतं? कुणीच नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं पास्टर म्हणायचे. खरं तर ते भ्यायचे.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायच्या मोठ्या संजीवन सभेच्या आदल्या दिवशी पास्टरांच्या बायकोला, राजेश्रीला, पार्वतीबाईंच्या पायाचा अंगठा काळा पडलेला दिसला. "आजच दवाखान्यात न्या त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"तीन दिवसांची तर सभा हाय. साक्ष कोण देईल? झाली की नेऊ."

तिन्ही दिवस पार्वतीबाई त्याच पायावर उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी तापानं फणफणल्या. परभणीत गुडघ्याखालून पाय कापावा लागला. तीन दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

राजेश्री रोज डबा घेऊन परभणीला जाऊ लागली, ते पास्टरांना झोंबलं. शेवटी रविवारी मंडळीपुढे सगळं कबूल करायचं त्यांनी ठरवलं. पण आधी, शनिवारी, ते पार्वतीबाईंची माफी मागायला दवाखान्यात गेले.

त्यांना पाहताच पार्वतीबाईच रडायला लागल्या. "माफ करा पास्टर. माझाच इश्वास कमी पडला. लय चक्कर आली तवा एकदा गुपचूप गोळी आणून खाल्ली व्हती. देवानं त्याचीच शिक्षा दिली."

ही शिकवण कुणाची? पास्टरांचीच. बरा झालास तर देवाचा महिमा, नाही झालास तर तुझ्या विश्वासात खोट. वीस वर्षं गावोगाव हेच वाटत फिरले होते. पास्टर खाटेशेजारी फरशीवर बसले.

"न्हाई बाई. तुमची शुगर गेलीच न्हवती. मला शंका व्हती, तरी गप बसलो. अंगठ्याचंबी ठाऊक व्हतं. उद्या समद्यांपुढं सांगणार हाय मी."

आता त्या शिव्या देतील, असं त्यांना वाटलं. कदाचित क्षमा करतील, अशी आशाही मनात होतीच. कबुली देतानाही पदरात काहीतरी पडावं असं माणसाला वाटतं. मेली खोडच ती.

"मग ही शिक्षा न्हवती?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग माझा पाय कशासाठी गेला?"

"माझ्या सभेसाठी," पास्टर म्हणाले.

पार्वतीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.