मेजरचा रंग

बाळासोचं बोलणं खरं मानायचं नाही, हे कसबा बावड्यातल्या त्याच्या गल्लीत पोराटोरांनाही पाठ होतं. माणूस सत्तेचाळीस वर्षांचा, सायकल दुकानाचा मालक, दोन लेकी उजवलेल्या. पण गेल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, त्यानं शेजारच्या हंबीररावांच्या दारावर पोलिओ डोसाचा बोर्ड टांगला. हंबीरराव दाढीचा फेस तोंडाला घेऊन बाहेर आले, तर समोर तीस-चाळीस बायका पोरं काखेला मारून उभ्या. एका पोरानं त्यांना बघून आ पण केला.

त्यामुळं यंदा चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरनं उतरल्या उतरल्या त्यानं गल्लीतल्याच बायडाक्काच्या कुत्र्यावर मूठभर गुलाल उधळला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. कुत्रं पामेरियन, कापसासारखं पांढरं, वीतभर उंच. नाव मेजर. बायडाक्काच्या घरात ती आणि मेजर, तिसरं कुणी नाही. झोपायचा पण तिच्याच गादीवर, पायथ्याला.

बायडाक्कानं मेजरला धुतला. गुलाल निघाला, पण पोटाला आणि कोपरांना कातडं लालच. तिनं परत धुतला. मग सकाळ-संध्याकाळ धुवायला लागली, आधी अंगाच्या साबणानं, मग कपड्याच्या पावडरीनं. जितका धुवावा तितका मेजर लाल. केसही जायला लागले. पंधरा दिवसांत मेजर पेन्शनीत निघाल्यागत दिसायला लागला.

दुपारचा तो बाळासोच्या दुकानात टायरींच्या सावलीला पडायचा. कानांच्या कडांवर खपल्या धरलेल्या. बाळासोनं सहज कान चोळला, तर मेजरचा मागचा पाय आपोआप पायडल मारायला लागला. दोन दिवसांनी बाळासोच्याच हाताला बारीक पुटकुळ्या उठल्या. तो उठून बायडाक्काच्या दारात गेला.

"आक्का, ह्यो गुलाल न्हाय. खरूज हाय. ऊसगाड्यांखालच्या कुत्र्यांत ह्येची ऊठबस हुती, तिथनं आणलीया."

"गुलाल टाकलास तू, आन खरूज ऊसतोड्यांच्या कुत्र्याची व्हय?"

"माझा सदरा बघ की. त्योच गुलाल. एका धुण्यात निघाला."

"नवा आणला असशील."

बाळासोनं हात पुढं केला. बायडाक्कानं बोटाला थुंकी लावून पुटकुळ्या घासून बघितल्या. निघाल्या नाहीत.

"पक्का लावलास," ती म्हणाली.

हंबीररावांनी मग उपाय काढला. हंबीररावांकडं उपाय कायम असायचा. "ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोळ बायडाक्का, डोक्यापास्नं शेपटापतोर. आमच्या म्हशीला लावलं हुतं."

"बरी झाली म्हस?" बाळासोनं विचारलं.

"इकली."

रविवारी ऑइल लावायचं ठरलं. डबा गॅरेजमधनं आला, तुळशीजवळ ठेवला गेला. बाळासोला तो डबा बघवेना. तो लहान असताना थोरल्या भावानं घरच्या कुत्र्याला असंच ऑइल चोळलं होतं. कुत्रं अंग चाटणारच. ते चौथ्या दिवशी गेलं.

शनिवारी सकाळी तो मान खाली घालून बायडाक्काच्या उंबऱ्यावर बसला.

"आक्का, चुकलो. गुलालात मी कापड रंगवायचा रंग मिसळलाता. इचलकरंजीस्नं आणलाता. आन त्येला ऑइल लागलं तर जन्माचा बसतोय. उतरवायचं औषध फकस्त जनावरांच्या दवाखान्यात मिळतंय."

"मला ठाऊकच हुतं," बायडाक्का म्हणाली. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं. "काढ सायकल."

मेजर पिशवीत, पिशवी बायडाक्काच्या मांडीवर, बायडाक्का कॅरेजवर, अशी वरात दवाखान्यात गेली. डॉक्टर बसवेश निपाणीकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी मेजरचा कान चोळला. पाय पायडल मारायला लागला. त्यांनी पात्यानं कातडं हलकंच खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दोनदा काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी बायडाक्काला बोलावलं. "बघा."

आत एक गोल, आखूड पायांचं काहीतरी वळवळत होतं.

"खरजेचा किडा. कातड्यात बीळ करतो. साबणानं मरत न्हाय. साबणानं कुत्रं तेवढं सोलतं."

बायडाक्कानं बराच वेळ बघितलं. मग मान वळवून बाळासोकडं बघितलं.

"ह्यो बी तूच सोडलास?"

बाळासोनं टेबलावरच्या मेजरकडं बघितलं. नाही म्हणावं, तर डॉक्टर पण ह्याच्यात सामील असं ही बाई धरणार. घरी तुळशीजवळ डबा होताच.

"व्हय," तो म्हणाला.

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी चष्म्यावरनं एकदा बघितलं आणि पुढं लिहिलं. केस कापायचे. दर आठवड्याला एक सुई, अशा चार. औषधाच्या पाण्यानं अंघोळ, वर साधं पाणी ओतायचं नाही, सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही. अंथरूण उकळून कडक उन्हात टाकायचं.

"घरात कुणाला खाज?"

बायडाक्कानं मानेवरनं पदर ओढून घेतला. "उन्हाळ्याची हाय."

"कुत्रं बरं झालं की जाईल. ह्यो किडा माणसाकडं पावणा येतो, राहत न्हाय. न्हाईच गेली तर माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

पाप ज्यानं केलं त्यानंच फेडायचं, असा बायडाक्कानं निकाल दिला. महिनाभर बाळासोनं मेजरला औषधात बुडवलं, सुकेपर्यंत मांडीवर धरून ठेवलं, परड्यात चूल पेटवून हंड्यात चादरी उकळल्या. हंबीरराव खुर्ची टाकून बघत बसायचे. हयातीत केलेल्या शंभर खोड्यांची त्याला कधी शिक्षा झाली नव्हती. न केलेल्या एकीची झाली.

चौथ्या सुईला बायडाक्का मेजरला घेऊन पुढं गेली, तेव्हा डॉक्टरांनी बाळासोला हळूच विचारलं, "पावणं, किडा सोडलासा, पण धरलासा कुठनं?"

"ऊसगाडीखालनं," बाळासो म्हणाला.

आषाढात मेजरला नवी लव आली, पांढरीशुभ्र. बायडाक्का त्याला काखेत घेऊन दारोदार दाखवत फिरली. बाळासो दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडं बघत होता, तेव्हा ती समोरच्या कट्ट्यावर हंबीररावांना सांगत होती.

"रंग उतरला बघा सगळा. बाळ्या वंगाळच हाय. पर एक गुण हाय त्याच्यात. केल्यालं कबूल करतंय."

बाळासोनं भोक सापडलं तिथं बोट दाबलं आणि ट्यूब पुसायला घेतली.